सिम्युलेटरवर जुनी जेट लढाऊ विमाने: उडवायची कशी आणि चूक शोधायची कशी

बेळगाव / निपाणी, प्रतिनिधी

संगणकावर विमान उडवणाऱ्यांची संख्या आपल्या सीमाभागात आता हाताच्या बोटावर मोजण्याइतकी राहिलेली नाही. कुणाकडे साधी जॉयस्टिक, कुणाकडे पॅडलसकट पूर्ण संच, कुणी नुसता कीबोर्डवर. पण पंख्याची जुनी विमाने सोडून पहिल्या जेट विमानांकडे वळले की बहुतेकांची तक्रार सारखीच असते. "विमान जमिनीवर वळतच नाही", "इंजिन मध्येच बंद पडलं", "उतरताना दगडासारखं खाली आलं". मग दोष सॉफ्टवेअरला, नाहीतर जॉयस्टिकला.

खरी गोष्ट अशी की यातल्या बऱ्याच तक्रारी म्हणजे बिघाड नसून त्या विमानाचा स्वभाव असतो. स्वभाव कुठे संपतो आणि बिघाड कुठे सुरू होतो, हे ओळखण्यासाठी ही माहिती. ज्यांना फक्त अडचण सोडवायची आहे त्यांनी थेट "लक्षण आणि उपाय" या भागावर जावे. पण आधीचे वाचले तर उपाय का लागू पडतो तेही कळेल.

आपला आणि जेटचा संबंध

बेळगावजवळच्या सांबरा येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, १९४२ ची. आज तिथे नागरी विमानतळ आहे आणि शेजारी हवाई दलाचे वायुसैनिक प्रशिक्षण केंद्र. तिथे वैमानिक घडत नाहीत, तर वैमानिकाचे विमान उडण्याजोगे ठेवणाऱ्या दलाची पहिली घडण तिथे होते. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, चिकोडी भागातल्या अनेक घरांना हे केंद्र माहीत आहे.

दुसरा धागा नाशिकजवळच्या ओझरचा. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ओझर कारखान्यात मिग-२१ ची वेगवेगळी रूपे तयार झाली. त्यातले शेवटचे मिग-२१ बिस. सिम्युलेटरमध्ये जे मिग-२१ सर्वात जास्त उडवले जाते ते हेच बिस. म्हणजे आपण पडद्यावर जे विमान उडवतो, त्याची खरी भावंडे मराठी कामगारांच्या हाताखालून गेलेली आहेत. भारताच्या हवाई दलातून मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निरोप देण्यात आला.

तिसरा धागा बिदरचा. त्याकडे शेवटी येऊ, कारण "चूक कुणाची" या प्रश्नाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

कोणते सॉफ्टवेअर, कोणते विमान

जुन्या जेटसाठी आज मुख्यतः चार वाटा आहेत.

डीसीएस वर्ल्ड: मूळ कार्यक्रम फुकट आहे, विमाने विकत घ्यावी लागतात. मिग-१५ बिस, एफ-८६ सेबर, मिग-२१ बिस आणि एफ-५ ही जुनी जेट यात आहेत. कॉकपिटमधली जवळपास प्रत्येक कळ चालते, म्हणून चुकाही खऱ्यासारख्या होतात. विकत घेण्याआधी बहुतेक विमानांची १४ दिवसांची चाचणी मिळते. ती घेतल्याशिवाय पैसे घालू नयेत.

इल-२ ची नवी मालिका: यात जर्मनांचे मेसरश्मिट २६२ आहे. १९४४ मध्ये प्रत्यक्ष लढाईत उतरलेले हे पहिल्या जेट लढाऊ विमानांपैकी एक.

इल-२ १९४६: जुना कार्यक्रम, पण जुन्या संगणकावरही चालतो. मेसरश्मिट २६२ बरोबर सोव्हिएतांचे मिग-९ यात मिळते.

वॉर थंडर: फुकट सुरू करता येते. व्हॅम्पायर, हंटर अशी आपल्या हवाई दलाने वापरलेली विमाने यात सापडतात. मात्र यात इंजिन सुरू करण्याचे टप्पे नाहीत. शिकायचे असेल तर त्यातला सिम्युलेटर प्रकार निवडावा.

सांबऱ्याची धावपट्टी बघायची असेल तर मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सगळे जग आहे, पण तो लढाईचा कार्यक्रम नव्हे.

जेटचा स्वभाव: तीन गोष्टी

पहिली गोष्ट, इंजिन उशिरा ऐकते. विहिरीवरची मोटर सुरू केली की पाइपच्या दुसऱ्या टोकाला पाणी यायला वेळ लागतो, तसेच हे. पंख्याच्या विमानात थ्रॉटल पुढे केला की लगेच ओढ जाणवते. जुन्या जेटमध्ये आतले चक्र हळूहळू फिरू लागते आणि मग जोर येतो. थ्रॉटल एकदम पुढे ढकलला तर इंधन आधी पोचते आणि हवा नंतर. परिणाम, तापमान मर्यादेबाहेर किंवा इंजिन विझणे. मेसरश्मिट २६२ च्या इंजिनात तर मिनिटाला साधारण ६,००० फेऱ्या होईपर्यंत थ्रॉटल अगदी सावकाश न्यावा लागे. घाई केली की आग.

दुसरी गोष्ट, वेग सहज कमी होत नाही. समोर पंखा नसल्यामुळे थ्रॉटल मागे घेतला तरी विमान घसरतच राहते. निपाणीजवळच्या तवंदी घाटात उसाने भरलेला ट्रॅक्टर उतरवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वळण दिसल्यावर ब्रेक दाबून चालत नाही, वरूनच वेग आवरून यावे लागते. जेटचे लँडिंग दहा-पंधरा किलोमीटर आधी सुरू होते ते यासाठी.

तिसरी गोष्ट, उंची आणि वेग यांचा हिशेब. उंची म्हणजे मुदत ठेव आणि वेग म्हणजे हातातली रोकड. ठेव मोडून रोकड करता येते, रोकड पुन्हा ठेवीत टाकता येते, पण दर व्यवहारात थोडी तूट येते. ही तूट भरून काढणारे इंजिन म्हणजे महिन्याचा पगार. जुन्या जेटचा पगार कमी. तीन जोरदार वळणे घेतली की खाते रिकामे, आणि मग शत्रू सोडा, जमीनच जवळ येते.

याचे खरे उदाहरण आपल्याच राज्यातल्या माणसाचे आहे. कोडगूचे स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या ७ सप्टेंबर १९६५ रोजी सरगोध्यावरच्या हल्ल्यात मिस्टेअर विमानात होते. समोर आलेले स्टारफायटर त्यांच्या विमानापेक्षा कितीतरी वेगवान. पण स्टारफायटर आपला वेग सोडून जवळच्या झुंजीत उतरले आणि तिथे मिस्टेअरने त्याला पाडले. देवय्या परतले नाहीत. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. वेगवान विमानाने वेग गमावला की त्याचा फायदा गेला, हा धडा आजही सिम्युलेटरवर रोज सिद्ध होतो.

उलटा धडाही त्याच युद्धात आहे. १ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी छांब भागात आपण चार व्हॅम्पायर गमावली. व्हॅम्पायर हे भारताचे पहिले जेट, १९४८ साली आलेले. समोर सेबर असताना त्याच्या वैमानिकाकडे ना वेग होता ना पगार.

विमानवार नोंदी

मिग-१५ बिस

तीन तोफा: एक ३७ मिलिमीटरची, दोन २३ मिलिमीटरच्या. मोठ्या तोफेत फक्त ४० गोळे. दोन्ही प्रकारच्या गोळ्यांचा मार्ग वेगवेगळा असल्यामुळे लांबून मारून उपयोग नाही. नेम धरायच्या यंत्रात शत्रूच्या पंखांची लांबी आपण हाताने भरायची असते. ती भरली नाही तर नेम चुकणारच, हा सॉफ्टवेअरचा दोष नव्हे.

वेग ध्वनीच्या ०.९२ पटीपर्यंत गेला की एअर ब्रेक आपोआप उघडतात. नवख्याला वाटते काहीतरी बिघडले. ते मुद्दाम तसे बनवलेले आहे, कारण त्यापुढे विमान एका पंखावर कलंडू लागते. जास्त वेगात कांडी जड होते आणि नाक उचलत नाही, हेही खरेच तसे होते. सेबरमध्ये हायड्रॉलिक मदत असल्यामुळे हा त्रास कमी. कोरियाच्या युद्धात सेबरला त्याचा फायदा झाला.

एफ-८६ सेबर

पाकिस्तानने १९६५ मध्ये वापरलेले हेच विमान. सहा मशीनगन, १२.७ मिलिमीटरच्या. नेमाच्या यंत्राला रडार अंतर सांगते, त्यामुळे नवख्याला नेम लवकर जमतो. नाकाचे चाक वळवायला कळ दाबून धरावी लागते. ती माहीत नसली की विमान धावपट्टीऐवजी गवतात. वेग नॉटमध्ये, उंची फुटात.

मिग-२१ बिस

ताकदवान इंजिन, पण आफ्टरबर्नर लावला की इंधन काही मिनिटांत संपते. २३ मिलिमीटरची जोडनळी तोफ, २०० गोळे. पंख त्रिकोणी. नाक जास्त उचलले तर विमान एकदम कोसळत नाही, पण वेग भराभर गळतो आणि विमान चरचर खाली बसते. कोन दाखवणारा काटा डोळ्यासमोर असतो, तो बघत राहावा.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट इंधनाचा काटा. तो टाकीत किती आहे ते मोजत नाही, किती खर्च झाले ते वजा करत जातो. उड्डाणाआधी सुरुवातीची शिल्लक आपण हाताने लावायची असते. दुकानाच्या वहीत ओपनिंग बॅलन्सच चुकीचा लिहिला तर महिनाअखेर काय होणार? टाकी भरलेली असताना इंधन संपल्याचा दिवा लागतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे टाकी रिकामी असताना काटा निवांत असतो.

लक्षण आणि उपाय

जमिनीवर वळत नाही. मिग-१५ आणि मिग-२१ मध्ये नाकाचे चाक मोकळे असते, त्याला स्टिअरिंग नाही. रडर ज्या बाजूला दाबला त्या बाजूच्या चाकाला जास्त ब्रेक लागतो. म्हणून रडर आधी, मग ब्रेकची कळ हलकेच. विमान थोडे पुढे सरकत असले पाहिजे. उभ्या विमानात कितीही रडर मारला तरी काही होणार नाही. ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, सारखे दाबत राहिले तर दाब संपतो.

इंजिन सुरू होत नाही. क्रम तपासा: बॅटरी, इंधन पंप, इंजिन सुरू करण्याचे मुख्य स्विच, थ्रॉटलचा कुलूपबंद टप्पा उघडला का. मिग-२१ मध्ये थ्रॉटल पूर्ण मागे असताना इंधन बंदच असते. जॉयस्टिकवरचा थ्रॉटल आणि कॉकपिटमधला थ्रॉटल जुळले नसले तर सगळे स्विच बरोबर असूनही इंजिन पेटत नाही.

हवेत इंजिन विझले. कारणे साधारण चार: थ्रॉटल घाईने हलवला, विमान जास्त वेळ उलटे ठेवले, पंप बंद राहिला, किंवा इंधन संपले. उलट्या विमानात इंजिनाला इंधन काही सेकंदच पुरते. उपाय: आधी नाक खाली, वेग राखा. थ्रॉटल मागे घ्या. हवा दाट असलेल्या उंचीवर या, मग हवेत इंजिन पेटवण्याचे स्विच. विरळ हवेत पुन्हा पुन्हा प्रयत्न करून बॅटरी संपवू नका. जमीन जवळ आणि वेग कमी असेल तर इंजिनाचा नाद सोडून सीट उडवावी. हा निर्णय सिम्युलेटरवरही लवकर घेण्याची सवय लावा.

विमान गिरक्या घेऊ लागले. थ्रॉटल मागे, गिरकीच्या उलट रडर पूर्ण, मग कांडी पुढे आणि बरोबर मध्ये. मिग विमानांच्या समोरच्या पॅनेलवर एक उभी पांढरी रेघ असते. ती सजावट नाही. गिरकीत माणसाला मध्य कळत नाही, म्हणून कांडी त्या रेघेवर न्यायची. गिरकी थांबली की रडर लगेच सरळ करा, नाहीतर उलटी गिरकी सुरू होते.

तोफ चालत नाही. वीजपुरवठ्याचा स्विच, शस्त्रांचा मुख्य स्विच, ट्रिगरवरचे झाकण, निवड हवेतल्या लक्ष्यासाठी की जमिनीवरच्या, या क्रमाने बघा. मिग-२१ मध्ये तोफ अडकली तर ती पुन्हा भरण्यासाठी तीन छोटी काडतुसे असतात, त्यांची बटणे वेगळी. ती वापरून संपली की त्या उड्डाणापुरती तोफ गेली.

उतरताना अचानक खाली बसते. मिग-२१ ची ही सर्वात मोठी तक्रार. या विमानात इंजिनातली दाबाची हवा फ्लॅपवरून सोडतात, त्यामुळे कमी वेगातही पंख उचल देतात. पण ही हवा इंजिन फिरत असेपर्यंतच मिळते. धावपट्टी दिसली म्हणून थ्रॉटल पूर्ण मागे ओढला की जोर जातो आणि त्याच क्षणी पंखांची उचलही जाते. उतरण्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर ठेवून सरळ यावे, जोर चाकांनी जमीन धरेपर्यंत थोडा चालू ठेवावा, नाकाचे चाक खाली आल्यावर ब्रेकची छत्री उघडावी. मार्ग चुकला तर ओढूनताणून बसवण्यापेक्षा पुन्हा फेरी मारावी, आणि तो निर्णयही लवकर घ्यावा, कारण इंजिन उशिरा ऐकते.

उडताना धावपट्टी पुरत नाही. विमानतळाची उंची आणि उन्हाळा तपासा. सांबऱ्याची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच आहे. उंचीवर आणि उन्हात हवा विरळ होते, इंजिन आणि पंख दोन्ही कमी देतात. डीसीएसच्या अफगाणिस्तान नकाशावर काबूलहून भरलेले जुने जेट उडवून बघा, लगेच फरक कळेल. इंधन आणि बॉम्ब कमी करणे हा सरळ उपाय.

आकडे विचित्र वाटतात. रशियन विमानात वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये, अमेरिकन विमानात नॉट आणि फूट. एक नॉट म्हणजे १.८५२ किलोमीटर. मिगमधून सेबरमध्ये बसून ३०० चा वेग ठेवला तर तुम्ही जवळपास साडेपाचशेने धावपट्टीवर येत आहात. रशियन अक्षरे वाचता येत नसतील तर डीसीएसच्या पर्यायांत इंग्रजी कॉकपिट निवडता येते.

संगणक आणि जॉयस्टिकचे दुखणे

विमान सतत एका बाजूला झुकते: आधी ट्रिम बघा, मग दोन्ही पंखांखालचे वजन. एका बाजूचा बॉम्ब टाकल्यावर झुकणे साहजिक आहे. तरी झुकत असेल तर जॉयस्टिक मध्यावर स्थिर आहे का ते तपासा. डीसीएसमध्ये उजवा कंट्रोल आणि एंटर दाबले की कांडी, रडर, थ्रॉटल खरोखर कुठे आहेत ते छोट्या चौकटीत दिसते. निम्म्या तक्रारींचे उत्तर या चौकटीत मिळते.

रडर आपोआप हलतो, थ्रॉटल उड्या मारतो: नवे उपकरण जोडले की डीसीएस त्याला स्वतःच कामे वाटून देते. एकच काम दोन उपकरणांना गेले की दोघांची ओढाताण सुरू होते. सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक अक्षाची दुहेरी नोंद पुसावी. थ्रॉटल उलटा चालत असेल तर तिथेच उलट करण्याची खूण आहे.

कांडी फार हळवी वाटते: अक्षाचा वक्र १५ ते २० ठेवून बघा. मध्यावर लटपट असेल तर थोडा मृत भाग ठेवा, पण जास्त नको. जास्त ठेवला की नेम धरताना हात हलतो आणि विमान हलत नाही.

चित्र अडकते की विमान थरथरते? हे दोन वेगळे. जोरात वळण घेतल्यावरच थरथर येते आणि कांडी सैल केल्यावर जाते, तर ती विमानाची आहे. पंख उचल सोडू लागल्याची ती सूचना. सरळ उडतानाही, शहरावरून जाताना अडखळते, तर दोष संगणकाचा. सावल्या, ढग आणि दूरवरचे दृश्य कमी करा, कार्यक्रम एसएसडीवर ठेवा. लॅपटॉपवर पंधरा-वीस मिनिटांनी अडखळायला लागले तर तो तापतोय. मागे धूळ बसली आहे का बघा, खाली हवा खेळू द्या.

करंट गेला: आपल्याकडे पावसाळ्यात ही नेहमीची बोंब. छोटा यूपीएस लावाच. कार्यक्रम मध्येच बंद झाल्यावर किंवा अपडेट अर्धवट राहिल्यावर विचित्र चुका दिसू लागल्या तर डीसीएसचे दुरुस्तीचे साधन चालवा. ते फाइली तपासून बिघडलेल्या परत आणते. बाहेरून टाकलेले बदल त्याआधी काढून ठेवा.

तीन प्रश्नांची चाचणी

लक्षण कुठलेही असो, सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा.

एक, दुसऱ्या विमानातही असेच होते का? होत असेल तर दोष जॉयस्टिक किंवा संगणकात.

दोन, हवेत तयार मिळालेल्या विमानात होते का? तिथे होत नसेल आणि जमिनीवर थंड इंजिनापासून सुरू केल्यावरच होत असेल, तर एखादा स्विच राहिला आहे.

तीन, ठरावीक वेग, उंची किंवा वळणातच होते का? तसे असेल तर तो विमानाचा स्वभाव. तो दुरुस्त करायचा नसतो, शिकायचा असतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा: तारीख, विमान, काय केले, काय झाले. चार गोष्टी एकदम बदलल्या तर अडचण गेली तरी कशाने गेली ते कळत नाही, आणि ती परत आली की पुन्हा शून्यातून सुरुवात. उड्डाणाची नोंद साठवता येते, ती लावून कॉकपिटमधले काटे पुन्हा बघा. आपल्याला आठवते ते आणि काट्यांनी दाखवले ते, यात बऱ्याचदा तफावत असते.

चूक कुणाची, हा प्रश्न खेळातला नाही

खऱ्या मिग-२१ च्या बाबतीत हाच प्रश्न आपल्या देशाने कित्येक वर्षे विचारला. २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातात गेली होती आणि १७१ वैमानिकांचा जीव गेला होता. प्रत्येक वेळी एकच वाद: यंत्र जुने, सुटे भाग खराब, की वैमानिकाची चूक?

त्यातले एक नाव फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानात सुरतगढ येथे उड्डाण घेताना त्यांचे मिग-२१ कोसळले. दोष वैमानिकाच्या माथी जाऊ लागला तेव्हा आई कविता गाडगीळ आणि वडील, निवृत्त विंग कमांडर अनिल गाडगीळ, यांनी तो मुकाट्याने स्वीकारला नाही. हवाई सुरक्षेसाठी त्यांनी आवाज उठवला. पुढे याच कुटुंबाने पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट उभी केली, आणि तिथे वैमानिकांना शिकवण्याचे साधन होते सिम्युलेटर. मुलगा गमावलेल्या मराठी घराने उत्तर शोधले ते अशा जागी, जिथे चूक करता येते, पुन्हा बघता येते आणि तरी माणूस घरी जातो.

या वादात एक तिसरे उत्तरही होते आणि ते बिदरला मिळते. कित्येक वर्षे आपले तरुण वैमानिक संथ प्रशिक्षण विमानातून थेट मिग-२१ मध्ये बसत. मधली पायरीच नव्हती. प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे ही शिफारस १९८० च्या दशकातच झाली होती. ते हॉक विमान प्रत्यक्ष दाखल झाले २००८ मध्ये, बिदरच्या हवाई तळावर. म्हणजे चूक फक्त यंत्राची नव्हती आणि फक्त हाताचीही नव्हती. यंत्र आणि हात यांच्यामधली पायरी गाळली होती. सिम्युलेटरवर पहिल्याच दिवशी मिग-२१ घेऊन बसणारा नेमके हेच करतो. आधी साधे प्रशिक्षण विमान, मग सेबर किंवा मिग-१५, मग मिग-२१, हा क्रम पाळला तर निम्म्या अडचणी येणारच नाहीत.

पालकांसाठी आणि भरतीच्या मुलांसाठी

सिम्युलेटरवरचे तास वैमानिकाच्या परवान्यात किंवा हवाई दलाच्या निवडीत मोजले जात नाहीत. घरातल्या खुर्चीत शरीरावर ताण येत नाही, कानात दाब येत नाही, भीतीही नसते. "सिम्युलेटर शिका, हवाई दलात जा" अशी कुणी जाहिरात केली तर फी भरण्याआधी दोनदा विचार करा. वायुसैनिक व्हायचे असेल तर गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी आणि धावणे, हीच वाट आहे.

तरी एक सवय इथे नक्की लागते, आणि ती सांबऱ्याच्या केंद्रात जाणाऱ्यालाही कामाची आहे: काटे वाचणे, लक्षण नीट सांगणे, अंदाजाने पुर्जे न बदलणे. खर्च वाढवण्याची घाई करू नका. एक बरी जॉयस्टिक, चाचणीवर घेतलेले एक विमान आणि शंभर पानी वही एवढ्यावर दोन महिने निघतात. त्यानंतरही मिग-२१ दहापैकी आठ वेळा सुखरूप उतरत असेल, तर मग पॅडलचा विचार करायला हरकत नाही.